पाणी कापणारी चोच

आफ्रिकेच्या दक्षिण भागात बोट्स्वाना आणि नामिबिया या देशांच्या सीमेवरून चोबे नावाची नदी वाहते. समजा, सप्टेंबरातल्या एका दुपारी आईबाबा आणि धाकट्या बहिणीबरोबर तुम्ही कासाने गावाहून मोटारबोटीने पक्षी पाहायला निघाला आहात. काठावर हत्ती पाणी पीत असतील. बहीण तिकडेच पाहत राहील. पाहू द्या तिला. तुम्ही पाण्यावर नजर ठेवा.

पहिला भेटेल तो ओळखीचाच, काळापांढरा कवड्या खंड्या. हवेत एका जागी पंख फडफडवून पाण्यात सूर मारणारा हा पक्षी आपल्या तळ्यांवर दिसतो, तीच ही जात. पण खरे पाहायचे आहे ते आफ्रिकी पाणचिऱ्याला. आपल्याकडे चंबळ नदीच्या वाळूवर अंडी घालणाऱ्या पाणचिऱ्याचा हा भाऊबंद.

त्याची चोच नीट पाहा. तिचा खालचा भाग वरच्यापेक्षा लांब आहे! इतर पक्ष्यांत असे आढळत नाही. हा पक्षी पाण्यालगत उडताना चोच उघडून खालचा भाग पाण्यात बुडवतो. तो सुरीच्या पात्यासारखा चपटा असल्याने पाण्याचा अडथळा कमी होतो. मासा लागताच वरचा भाग खटकन मिटतो. मासा दिसायलाच हवा असे नाही, चोचीला लागला की पुरे. म्हणून अंधार पडल्यावरही शिकार चालते. पिल्लाच्या चोचीचे दोन्ही भाग मात्र सुरुवातीला सारखेच असतात. आईबापांनी वाळूवर टाकलेला मासा त्याला उचलायचा असतो ना!

आता सप्टेंबरच का? दूर अंगोलातल्या पावसाचे पाणी सपाट पूरमैदानांतून सावकाश येते. चोबेला पूर येतो तो साधारण मार्च ते मे या काळात. मग पाणी ओसरते, वाळूचे दांडे उघडे पडतात आणि पाणचिरे त्यांवर साधा खळगा करून दोनतीन अंडी घालतात. अंडी उबवणे म्हणजे त्यांना ऊब देणे, असे आपण समजतो. येथे दुपारी काम नेमके उलटे असते. वाळू भाजून निघते, तेव्हा पक्षी पोट पाण्यात भिजवून येतो आणि अंडी गार ठेवतो.

हे दांडे पाण्याच्या थोडेसेच वर असतात. मोटारबोट वेगाने गेली की मागे लाटा उठतात आणि काठावर चढतात. थोडे गणित करू. समजा, वाळूचा उतार असा आहे की 1 मीटर आत गेल्यावर उंची 5 सेंटिमीटरच वाढते. लाटेचे पाणी 10 सेंटिमीटर उंचीपर्यंत चढले, तर ते 2 मीटर आत जाईल. तेवढ्यात खळगा असला तर अंडी बुडतील किंवा वाहून जातील. आफ्रिकेतल्या नद्यांवर पाणचिऱ्यांची घरटी अशा लाटांनी खरोखरच बुडाली आहेत, आणि त्या बोटींत पुष्कळदा पक्षी पाहायला आलेली हौशी मंडळीच असतात. शिवाय माणसे फार जवळ आली की पक्षी उडतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात.

तेव्हा वाळूचा दांडा दूर दिसू लागताच नावाड्याला वेग कमी करायला सांगा आणि बोट लांबच थांबवा. दुर्बीण गळ्यात आहेच. ऊन उतरले की संथ पाण्यावर एक बारीक रेघ सरळ पुढे सरकताना दिसेल. तिच्या टोकाशी पाहा.