कांदा-भाकरीतील न पचणारे अन्न

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर किंवा लासूर स्टेशनच्या बाजारात तुम्ही कधी गेला असाल, तर तेथील कांद्याचे ढीग तुम्ही पाहिलेच असतील. जवळच्या शिवारात दुपारी माणसे जेवायला बसली, की फडक्यातून ज्वारीची भाकरी व लसणाची चटणी निघते आणि बुक्की मारून कांदा फोडला जातो. या जेवणाचा काही भाग कोणालाही पचत नाही. गंमत अशी, की तोच भाग प्रकृतीला फार उपयोगी असतो. हे कसे, ते आपण पाहू.

एक सोपा प्रयोग

बटाट्याची एक चकती, चिमूटभर ज्वारीचे पीठ आणि कांद्याची एक पाकळी वेगवेगळ्या बशांत ठेवा. प्रत्येकावर पाणी घालून पातळ केलेल्या टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. बटाटा आणि पीठ निळे-काळे होतील. कांदा मात्र तसा होणार नाही. (प्रयोगातील पदार्थ खाऊ नका.)

आयोडीनने निळा रंग येतो तो स्टार्चमुळे. बटाटा आपला अन्नसाठा स्टार्चच्या रूपात ठेवतो. कांदा तसे करीत नाही. तो साठा करतो साखरेचा आणि ‘फ्रुक्टान’ नावाच्या पदार्थांचा. फ्रुक्टान म्हणजे फलशर्करेच्या रेणूंची साखळी. लसणात तर ताज्या वजनाच्या शेकडा ९ ते १६ भाग फ्रुक्टान असते. याच कुळातील ‘इन्युलिन’ हा पदार्थ १८०४ साली व्हॅलेंटिन रोझ या जर्मन शास्त्रज्ञाला ‘इन्युला’ या वनस्पतीच्या मुळांत सापडला. त्यावरूनच पुढे त्याला हे नाव मिळाले. कॉफीत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळांतही इन्युलिन भरपूर असते.

कुलूप आहे, किल्ली नाही

स्टार्चच्या साखळीतील दुवे आपल्या लाळेतील व लहान आतड्यातील विकरे तोडतात. फ्रुक्टानमधील दुवे निराळ्या प्रकारचे असतात. ते तोडणारे विकर आपल्या शरीरात तयार होत नाही. म्हणून फ्रुक्टान सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यातून जसेच्या तसे पुढे जाते आणि मोठ्या आतड्यात पोहोचते.

तेथे त्याची वाट पाहणारे असतात जीवाणू! आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात आणि त्यांतील बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. आपल्याजवळ नसलेली किल्ली त्यांच्यातील बायफिडोबॅक्टेरियासारख्या जीवाणूंजवळ असते. ते हे तंतू आंबवतात आणि त्यांची संख्या वाढते. अशा उपयुक्त जीवाणूंच्या खाद्याला गिब्सन आणि रोबरफ्रॉइड या शास्त्रज्ञांनी १९९५ साली ‘प्रीबायोटिक’ हे नाव दिले. प्रोबायोटिक म्हणजे जिवंत उपयुक्त जीवाणू, तर प्रीबायोटिक म्हणजे त्यांचे खाद्य, हा फरक ध्यानात ठेवा.

पाहुण्यांची परतफेड

आंबवण्याच्या क्रियेत ॲसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशी आपली बरीचशी ऊर्जा ब्युटिरिक आम्लापासून मिळवतात. आम्लतेमुळे काही अपायकारक जीवाणूंची वाढ रोखली जाते, मलावरोध कमी होतो आणि कॅल्शियम अधिक प्रमाणात शोषले जाते. अमेरिकेत किशोरवयीन मुलामुलींना वर्षभर रोज ८ ग्रॅम इन्युलिन-प्रकारचे तंतू देऊन पाहिले. त्यांचे कॅल्शियमचे शोषण वाढले आणि हाडांतील खनिजेही वाढली, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. हाडे भराभर वाढण्याचे वय तुमचेच आहे!

खाद्य मिळाले नाही तर? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात असे दिसले, की तंतूंविना उपाशी राहिलेले जीवाणू आतड्याच्या अस्तरावरील संरक्षक श्लेष्माचा थरच खाऊ लागतात.

डब्यातील हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले, की दहा वर्षांवरील प्रत्येकाने अन्नातून रोज किमान २५ ग्रॅम तंतू घ्यावेत. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. तितक्याच मैद्यात जेमतेम ३ ग्रॅम. मोठ्या दोन भाकरींना १५० ग्रॅम पीठ लागले असे धरले, तर १५ ग्रॅम तंतू तेथेच मिळाले. उरलेले उसळ, भाजी, कांदा आणि फळे यांतून सहज मिळतात. आता डब्यात भाकरीऐवजी मैद्याची बिस्किटे आली, तर काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

सगळेच तंतू प्रीबायोटिक नसतात. ज्वारीचा बराचसा कोंडा जीवाणूंनाही सहज फोडता येत नाही. तो मल मऊ व भरीव करतो. हरभरा-तुरीतील रॅफिनोज व तिच्यासारख्या शर्करा मात्र जीवाणू आवडीने आंबवतात. उसळ ‘वातूळ’ असते ती याच कारणाने! म्हणून तंतू एकदम वाढवू नयेत; हळूहळू वाढवावेत आणि पाणी भरपूर प्यावे. कांदा-लसणाने ज्यांचे पोट नेहमी दुखते, त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. प्रीबायोटिक हे औषध नव्हे. निरोगी माणसाला त्याची महागडी पूड विकत घेण्याचीही सहसा गरज नसते.

उद्या जेवायला बसाल, तेव्हा ताटाकडे नीट पाहा. त्यातले काही तुमच्यासाठी आहे, आणि काही तुमच्या पोटातील पाहुण्यांसाठी. त्यांचा वाटा आज ताटात आहे ना?