घाम कोणाचा, परस कोणाचा?

वैशाख अर्धा सरला की गोमंतकातील घराघरांत एकच धांदल उडते. वाळलेली चुडते गोळा करावयाची, सरपण मांगरात भरावयाचे, कौले परतून घ्यावयाची, भिरंडाची सोले आणि मिरच्या उन्हे असेतो सुकवावयाच्या, परसातील पाण्याच्या वाटा मोकळ्या करावयाच्या, आणि हे सारे मृगाच्या आधी! रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते, मृग ७-८ जूनला. तेव्हा महिनाअखेरचे पंधरा दिवस आपल्या हाती आहेतच, असा आपला पिढीजात हिशेब. २०२५ साली पावसाने हा हिशेब पार चुकविला. त्या वर्षी मोसमी वारे २४ मे रोजी केरळात दाखल झाले आणि दुसऱ्याच दिवशी ते गोव्यात येऊन थडकले. ज्यांनी सारे शेवटच्या आठवड्यावर टाकले होते, त्यांच्या पदरी ओले सरपण आणि तुंबलेली गटारे आली. पाऊस पंचांगाला बांधलेला नाही, हा धडा आपण त्या वर्षी घ्यावयास हवा होता.

तथापि या घाईची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. नागपूरचा पाहुणा पणजीचा पारा चौतीस अंशांवर पाहून हसतो. पण तोच पाहुणा तासभर अंगणात कोयता चालवील तर त्याचे हसू मावळेल. घाम येण्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळण्याने होते. हवाच दमट असली की घाम निथळतो, वाळत नाही, आणि शरीरातील उष्णता आतच कोंडते. म्हणूनच हवामान खाते मैदानी प्रदेशात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनाऱ्यावर ३७ अंशांपासूनच. डोके गरगरणे, मळमळणे, पोटऱ्यांत वांब येणे ही शरीराने दिलेली पहिली सूचना होय. माणूस असंबद्ध बोलू लागला की समजावे, वेळ फार थोडा उरला आहे. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि विनाविलंब इस्पितळात पोहोचवावे.

मग प्रश्न उभा राहतो, हा घाम गाळतो कोण? पूर्वी भाटकाराचे अंगण झाडणारा, माडांची राखण करणारा आणि पावसाआधी त्याचा परस आवरून देणारा मुंडकार होता. राहत्या खोपटाच्या बदल्यात तो राबे, आणि त्याच्या दुपारची मोजदाद कोणी करीत नसे. गोवा मुक्त झाला तो १९६१ साली. पण मुंडकाराच्या डोक्यावरील छपराला कायद्याचे संरक्षण लाभण्यास त्यानंतरही कित्येक वर्षे जावी लागली. आज त्याची मुले शिकून नोकरीला लागली, हे उचितच झाले. पाडेलीही दुर्मिळ झाला. परंतु परसातील जागा रिकामी राहिली नाही. तेथे आता परप्रांतांतून आलेला रोजंदारीचा मजूर उभा आहे. 'दिवस भरला पाहिजे' या आपल्या हट्टापायी तो भर दुपारी दोन वाजता खड्डा खणतो. २०२३च्या मार्चमध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळताच शासनाने दोन दिवस शाळा दुपारपूर्वी सोडविल्या. मुलांना सावली मिळाली ती आदेशाने. या मजुराला सावलीत बसविणारा आदेश खासगी परसात कोण काढणार? तो घरमालकानेच काढावयास हवा.

यासाठी काही नवे शोधण्याची गरज नाही. आपल्या जुन्या कामकऱ्यांच्या दिवसात पेजेची वेळ ठरलेली असे. सकाळी उन्हे चढण्यापूर्वी निम्मे काम उरकावयाचे, मग सावलीला बसून मीठ घातलेली पेज आणि तोरांचे लोणचे. या रीतीत पाणी, मीठ, विसावा, सारे काही होते. तीच रीत पुन्हा धरावी. सकाळी साडेसहा ते साडेदहा आणि उन्हे कलल्यावर दोन तास एवढेच काम घ्यावे, आणि मजुरी मात्र पूर्ण दिवसाची द्यावी.

कामांचाही क्रम लावता येतो. मान पाण्याच्या वाटांचा. त्या एप्रिलातच उपसाव्या. मग करवंट्या, फुटकी मडकी, जुने टायर यांची पाळी. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कोरड्या कडेलाही महिनोन् महिने तग धरतात आणि पाणी लागताच फुटतात, म्हणून भांडे केवळ उपडे करून भागत नाही, ते घासले पाहिजे. शेणखताची खाच उलथून गेंड्या भुंग्याच्या अळ्या वेचाव्या, म्हणजे माडांचे कोंब वाचतील. पोफळी असतील तर कोळे रोगाविरुद्ध मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण पहिल्या पावसापूर्वी पडावयास हवे. आणि पाचोळा जाळण्याचे तर काम वगळावेच. तो धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो. तोच पाचोळा माडाच्या आळ्यात घातला तर ओल टिकते आणि खतही मिळते. राहिला आरशासारख्या लख्ख अंगणाचा सोस. तो सोडला तर मे महिन्यातील कितीतरी काम आपोआप कमी होईल.

घरातील धडधाकट माणसांनी रोज सकाळी अर्धा तास हाती खराटा आणि कुदळ घेतली, तर महिनाभरात अर्धा परस आवरतो आणि मजुरावर उरते ते खरोखरच जड काम. आपल्याच अंगणात वाकण्याने कोणाची प्रतिष्ठा कमी होत नाही. ग्रामपंचायती आणि नगरपालिका यांनीही गटार उपसणाऱ्या कामगारांचे तास असेच बदलावे व कामाच्या जागी पिण्याचे पाणी ठेवावे. दुसऱ्याच्या फुकटच्या श्रमावर परस राखण्याची चाल या भूमीने कायद्याने मोडली आहे. ती रोजंदारीच्या नावाने पुन्हा मागच्या दाराने आत येऊ नये, एवढेच आमचे सांगणे आहे.