वाळूवर उड्या मारणारा कोळी

स्केगनेस हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव. उत्तर समुद्रावरून येणारा गार वारा तिथे अंगाला झोंबतो. १९०८ साली ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने जॉन हॅसल या चित्रकाराचं पोस्टर १२ गिनी देऊन घेतलं. गळ्यात मफलर, तोंडात पाइप, पायांत उंच बूट. असा गुबगुबीत कोळी हात पसरून वाळूवर उड्या मारतोय. सोबत शब्द एवढेच, की स्केगनेसची हवा भारीच तरतरी आणते! गावाचं जे उणं, तेच या पोस्टरने कौतुकाने मिरवलं. मला त्यातली हीच हिंमत सर्वांत आवडते. तेव्हा लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाहून स्केगनेसच्या सहलीचं तिकीट होतं ३ शिलिंग. खुद्द हॅसलने स्केगनेस पाहिलं ते मात्र १९३६ मध्ये, तब्बल २८ वर्षांनी.