सात आसनांच्या गाडीत तीन मुलं बसवायची कुठे?

जुनी गाडी पाहायला गेलेलं कुटुंब किती किलोमीटर पळाली ते विचारतं, मायलेज विचारतं, टायर आणि बॉनेटखालचा भाग निरखतं. मागच्या आसनाच्या फटीत हात घालून मात्र क्वचितच कोणी बघतं. घरात दोन-तीन लहान मुलं असतील, मग ती भावाभावांची मिळून का असेनात, तर पाहणी त्या फटीपासूनच सुरू व्हायला हवी. बैठक आणि पाठ जिथे मिळतात तिथे आयसोफिक्सचे पोलादी कोयंडे असतात आणि चाइल्ड सीट थेट त्यांत अडकते. बहुतेक गाड्यांत ते मागच्या दोन कडेच्या जागांनाच असतात. तिसऱ्या मुलाची सीट पट्ट्यानेच बांधावी लागते आणि अनेक जुन्या गाड्यांत मधल्या जागेला फक्त कमरेचा पट्टा असतो. म्हणून गाडीत किती माणसं मावतात यापेक्षा किती मुलं नीट बांधता येतात, हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: शहरात वेग तो किती, बाळ आईच्या मांडीवर सुरक्षितच असतं. ताशी 50 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे 14 मीटर. धडकेत हा वेग एक दशांश सेकंदात शून्यावर आला, तर 10 किलोच्या बाळाला धरून ठेवायला 140 किलो वजन पेलण्याइतकं बळ लागतं. ते कोणत्याही हातांत नसतं. शिवाय बाळाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाची लहान प्रत नव्हे. जन्माच्या वेळी डोकं एकूण लांबीच्या जवळपास चतुर्थांश असतं, आणि मानेच्या मणक्यांत हाडापेक्षा कूर्चा जास्त. समोरून धडक बसली की हे जड डोकं कोवळ्या मानेला पुढे ओढतं. तोंड मागे करून बसवलेल्या सीटमध्ये तोच भार पूर्ण पाठीवर पसरतो, म्हणूनच युरोपात लागू असलेलं आर-129 मानक किमान 15 महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं करतं. अशी सीट चालू एअरबॅगसमोर पुढच्या आसनावर कधीही ठेवायची नाही. मोठ्या मुलाचा प्रश्न वेगळा आहे. नुसता कमरेचा पट्टा त्याच्या ओटीपोटावर सरकतो आणि धडकेत आतडी व कमरेचा कणा दुखावतो. त्याला उंच बसवणाऱ्या बूस्टर सीटला खांद्यावरून येणारा तीनबिंदू पट्टा लागतोच.

रुंदीचं गणितही मोजपट्टीनेच सुटतं. आर-129 मानकातल्या आय-साइझ सीटसाठी 44 सेंटिमीटर रुंदीची चौकट धरली आहे. अशा तीन सीटना 132 सेंटिमीटर लागतात. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागे एवढी जागा नसते, असली तरी बकल सीटखाली दबतात. मग सात आसनी गाडीकडे मन वळतं. तिथे मधल्या रांगेत दोन सुट्या कॅप्टन सीट असतील, तर तिसरं मूल शेवटच्या रांगेत जातं. तिथे तीनबिंदू पट्टा आहे का, आणि पाठीमागे डिकीच्या दारापर्यंत किती अंतर उरतं, हे बघावं लागेल.

गाडी दणकट असली की झालं, हा दुसरा समज. 2016 मध्ये गाड्यांच्या धडक चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅपने तपासलेल्या एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले होते. वजनाचा फायदा हलक्या गाडीशी टक्कर झाली तर होतो. झाडाशी किंवा पुलाच्या कठड्याशी झाली तर सांगाडा आणि पट्टेच कामी येतात. ताऱ्यांचेही दोन रकाने असतात आणि जाहिरात बहुधा मोठ्यांच्या रकान्याची होते. नेक्सॉनला 2018 मध्ये मोठ्यांसाठी पाच तारे मिळाले, मुलांसाठी तीनच. मराझोला चार आणि दोन. चाचणीचं वर्षही बघायला हवं, कारण जुलै 2022 पासून निकष कडक झाले. एर्टिगाला 2019 मध्ये दोन्हींत तीन तारे होते, 2024 मध्ये मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी दोन. भारताची स्वतःची अशी चाचणी, भारत एनकॅप, ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली, त्यामुळे त्याआधीच्या गाड्यांसाठी ग्लोबल एनकॅपची यादीच चाळावी लागते. यादीत नसलेल्या गाडीची निदान निर्मितीची तारीख तपासावी: पुढच्या दोन एअरबॅग सर्वच नव्या गाड्यांना 31 डिसेंबर 2021 पासून सक्तीच्या झाल्या, त्याआधीच्या बेस मॉडेलमध्ये एकच असू शकते, किंवा एकही नसू शकते.

एवढ्या सीटना पैसे कुठून आणायचे, हा आक्षेप खरा आहे. पण सनरूफसाठी वरचं मॉडेल घेणाऱ्याने त्याऐवजी खालचं, पुरेसे कोयंडे आणि पट्टे असलेलं मॉडेल घेतलं, तर फरकाच्या रकमेत सीट बसू शकतात. सीट आधी घ्याव्यात आणि गाडी बघायला जाताना सोबत न्याव्यात. तिन्ही बसवून दारं लागतात का, प्रत्येक पट्टा झटक्यात ओढल्यावर अडतो का, किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का, हे पाहायला अर्धा तास पुरतो. तेवढा वेळ न देणाऱ्या विक्रेत्याला बयाणा देऊ नये.