उमरावाची जहागीर, जनतेची बाग

रविवारी मुलांना घेऊन कोठे जावे, हा प्रश्न दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या प्रत्येक कामगार कुटुंबाला पडतो. शंभर वर्षांपूर्वी धुराने काळवंडलेल्या मँचेस्टरमधील गिरणी कामगारांनाही तो पडत होता. इंग्लंडमधील त्या शहराने त्यावर काय उत्तर काढले, ते वाचक बंधू-भगिनींना आज आम्ही सांगणार आहोत.

मँचेस्टरच्या उत्तरेस हीटन पार्क ही सुमारे ६०० एकरांची बाग आहे. मूळची ही एजर्टन या उमराव घराण्याची जहागीर. १७७२ साली सर थॉमस एजर्टन यांनी जेम्स वायट या वास्तुशिल्पकाकडून येथील हवेलीचा आराखडा करून घेतला. पुढे या घराण्याला अर्ल ऑफ विल्टन हा किताब मिळाला. त्यांचा थाट एवढा, की १८७९ साली सुरू झालेली रेल्वे जहागिरीत दिसू नये म्हणून जमिनीखालून बोगद्यातून न्यावी लागली!

१९०२ साली मँचेस्टरच्या नगरपालिकेने ही जहागीर २ लाख ३० हजार पौंडांना विकत घेतली आणि ती सर्वांसाठी खुली झाली. बागेत नौकाविहारासाठी मोठे तळे खोदले, तेही बेकार माणसांच्या हातांना काम देऊन. १९१२ साली शहराच्या जुन्या टाऊन हॉलचे दगडी खांब आणून तळ्याकाठी उभे केले. पहिल्या महायुद्धात याच हिरवळीवर सैन्यात भरती झालेल्या तरुण कारकुनांच्या आणि कामगारांच्या छावण्या पडल्या. त्यांतील कित्येक जण १९१६ साली सोमच्या रणांगणावरून परतलेच नाहीत.

एक गोष्ट मात्र आम्हांस खटकते. हवेली घेतली, पण तिच्यातील सामान, चित्रे लिलावात गेली. कामकरी माणसाला हिरवळ पुरे, कलेशी त्याला काय करायचे, असे का समजावे?

आजही ही बाग नगरपालिकेचीच आहे. मोठे तिकीट लावून संगीताचे जलसे होतात, तेव्हा तिचा काही भाग कुंपण घालून बंद केला जातो. म्हणजे जनतेची झालेली जागा जनतेचीच राहावी, यासाठी शंभर वर्षांनंतरही जागे राहावे लागते.

आपल्या वस्तीशेजारचे मैदान कोणाच्या नावावर आहे, हे आपणास ठाऊक आहे काय? नसेल, तर या रविवारी मुलांना घेऊन तेथे जा, आणि सोमवारी वॉर्ड ऑफिसात जाऊन चौकशी करा.