हेलब्रुन: चावी फिरवणाऱ्याचा दिवस

सकाळी आठ. साल्झबुर्गच्या दक्षिणेला हेलब्रुनच्या बागेत अजून पर्यटकांचा पत्ता नाही. कारंजी सांभाळणाऱ्यांची हीच खरी कामाची वेळ. छिद्रं बारीक, पाला किंवा वाळू अडकली की धार वाकडी जाते, आणि धार वाकडी गेली की पाहुण्यांना भिजवायची थट्टा फसली. पंपाची भानगड मुळातच नाही. झऱ्यांचं पाणी चढावरून खाली येताना जो जोर धरतं, त्यावरच 400 वर्षं सगळा कारभार चाललाय.

दहा. पहिला घोळका आत येतो. बागेतला वाडा आर्चबिशप मार्कुस सिट्टिकुस याने 1613 ते 1615 दरम्यान बांधून घेतला, सान्तिनो सोलारी या वास्तुकाराकडून. वाड्यात निजायची खोलीच नाही. दिवसभर मौज करायची आणि रात्री शहरात परतायचं, असा खाक्या.

मार्गदर्शक थेट दगडी मेजाशी थांबतो. मेजाच्या मधोमध पाण्याची पन्हळ. तिच्यात वाइन गार राहायची. भोवती दगडी बैठकी. मुलं धावत जाऊन बसतात, आयांना ओढून बसवतात. मार्गदर्शक शांतपणे माहिती सांगत राहतो, लोक माना डोलावतात, आणि मग चावी फिरते. बैठकीतूनच धार उसळते, मागूनही कारंजी सुटतात. एकच हलकल्लोळ! कोरडी राहते ती फक्त यजमानाची जागा. तिला छिद्रच ठेवलेलं नाही. धर्मगुरू उठेपर्यंत पाहुण्यांनी उठायचं नाही, हा त्या वेळचा शिष्टाचार म्हणतात. म्हणजे भिजत हसायचं, तेही मालकाच्या मर्जीने. मला तरी ही थट्टा थोडी सरंजामीच वाटते.

बारा. गुहा. एका गुहेत पाण्याची धार धातूचा मुकुट उचलून धरते. दाब वाढवला की वर, कमी केला की खाली. दुसरीकडे पत्र्याचा एक चेहरा डोळे फिरवतो, जीभ काढून वेडावतो. तेही पाण्यावरच.

दोन. यांत्रिक रंगभूमी. ही नंतरची, 1752मध्ये पूर्ण झालेली. लाकडात कोरलेलं अख्खं शहर आणि सुमारे 200 बाहुल्या. न्हाव्यापासून शिपायापर्यंत जो तो आपल्या कामात. फिरवणारं पाणी मागे दडलेलं. यंत्राची खडखड लपवायला पाण्यावरच चालणारा ऑर्गन जोडलाय. इथे थोडं रेंगाळावं, घाई करू नये.

पाच. शेवटची फेरी. तेच किस्से सांगून मार्गदर्शकाचा घसा बसलेला, हात मात्र अचूक. भिंतीवरची हरणाची डोकी जाणाऱ्यांवर पाणी सोडतात. लोक गेले की चाव्या बंद. जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळीही फेऱ्या असतात, तेव्हा सुट्टी उशिराच.

जाणार असाल तर एप्रिल ते ऑक्टोबरात जा, हिवाळ्यात कारंजी बंद असतात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आणि मार्गदर्शक जिथे उभा असेल, त्याला खेटून उभे राहा.