प्रॉक्सीचा पत्ता विचारणारा संगणक

गैरहजर मित्राच्या नावाने ‘येस सर’ म्हणण्याला महाविद्यालयात ‘प्रॉक्सी’ म्हणतात. संगणकजाळ्यातील प्रॉक्सी सर्व्हरही असाच दुसऱ्याच्या वतीने बोलणारा मध्यस्थ. कार्यालयातील सगळ्या संगणकांसाठी तो एकटाच बाहेरच्या संकेतस्थळांशी व्यवहार करतो. पण नव्याने जोडलेल्या संगणकाला त्याचा पत्ता सांगायचा कोणी?

प्रत्येक यंत्रावर तो हाताने भरण्याचे कष्ट टाळण्यासाठी नेटस्केपने १९९६ मध्ये ‘पॅक’ फाइल आणली. कोणत्या संकेतस्थळासाठी प्रॉक्सीकडे जावे आणि कुठे थेट जावे, हे ठरवणारा तो जावास्क्रिप्टमधील छोटा प्रोग्रॅम होय. ही फाइलही आपोआप सापडावी म्हणून १९९९ मध्ये ‘डब्ल्यूपॅड’ पद्धत पुढे आली आणि इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये ती रुजली. संगणक आधी डीएचसीपीकडे, म्हणजे त्याला जाळ्यातील पत्ता देणाऱ्या सेवेकडे, चौकशी करतो. तिथे काही न मिळाल्यास ‘डब्ल्यूपॅड’ नावाचे यंत्र शोधतो आणि त्याने दिलेली फाइल निमूटपणे चालवतो.

खोट आहे ती या निमूटपणात. उत्तर देणारा कोण, याची खातरजमा होत नाही. हाच लॅपटॉप उद्या एखाद्या कॅफेच्या वायफायवर तोच प्रश्न विचारतो आणि शेजारच्या टेबलावरचा कोणीही ‘मीच तो’ म्हणू शकतो. २०१२ मध्ये उघडकीस आलेल्या ‘फ्लेम’ या हेरगिरीच्या प्रोग्रॅमने नेमके हेच केले. एका बाधित संगणकाने स्वतःला प्रॉक्सी म्हणून पुढे केले आणि शेजाऱ्यांना विंडोजचे बनावट अपडेट पाजले. एचटीटीपीएसमुळे आज मजकूर बराच सुरक्षित राहतो. तरी आपण कोणत्या संकेतस्थळांवर जातो, हे त्या मध्यस्थाला कळतेच.

लायब्ररी (ग्रंथालय नव्हे, प्रोग्रॅमरने उसना घेतलेला तयार कोड) इथे महत्त्वाची ठरते. पॅक फाइल हा प्रोग्रॅम असल्याने तो चालवण्यासाठी लायब्ररीला जावास्क्रिप्टचे इंजिनच बाळगावे लागते, तेही परक्याने धाडलेल्या कोडसाठी. गूगलच्या प्रोजेक्ट झीरोने २०१७ मध्ये याच वाटेने विंडोज १० चा ताबा घेऊन दाखवला. लिनक्सवरील ‘लिबप्रॉक्सी’त २०२० मध्ये अवाढव्य पॅक फाइलने स्मृतीची मर्यादा ओलांडण्याचा दोष सापडला. ‘कर्ल’ मात्र या भानगडीत पडतच नाही. प्रॉक्सीचा पत्ता वापरकर्त्यानेच द्यावा, असा तिचा खाक्या. म्हणून कार्यालयात ब्राउझर सुरळीत चालतो आणि आपली स्क्रिप्ट अडून बसते. ही गैरसोय मला तरी परवडणारी वाटते.

विंडोजच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी या पानावर ‘ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज’ हे बटण बहुधा चालूच असते. घरच्या संगणकावर त्याची गरज क्वचितच पडते, ते बंद करावे. कार्यालयाच्या लॅपटॉपवर मात्र आधी तेथील नेटवर्क सांभाळणाऱ्यांना विचारावे. तिथली व्यवस्था त्यावरच अवलंबून असेल, तर बटण बंद करताच इंटरनेटही बंद पडेल.